दोघींच्या नावावरचा माळ

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तोंड वाकडं केलं असशील. कर खुशाल. तुझं वाकडं तोंड सरळ तोंडापेक्षा बरं दिसतं, हे तू लग्न होऊन घरात आलीस त्याच आठवड्यात मी सांगितलं होतं. पण फाडायच्या आधी वाच. गोष्ट माझी नाही, आपल्या माळाची आहे. माळ अजून आपल्या दोघींच्या नावावर आहे. अर्धा तुझा, अर्धा माझा, आणि कुठला अर्धा कोणाचा हे आपल्या नवऱ्यांनी, दोघा भावांनी, कधी ठरवलंच नाही. त्यामुळे माळावर कोणी पाय ठेवला की तो तुझ्याही डोक्यावर पडतो आणि माझ्याही.

सध्या रोज पडतोय.

ओढ्यापलीकडची वीटभट्टी आठवते ना? ती केव्हाच बंद पडली. तिथे आता ख्रिस्ती मंडळींनी पोरांचं शिबिर काढलंय. तंबू, पत्र्याची एक लांब शेड, आणि एक घंटा, जी कोणीही येता-जाता वाजवतं. सुट्टीत मुलं येतात. ज्यांना सुट्टीत घरी राहायची धास्ती वाटते, अशी मुलं. त्यांची गाणी इथवर ऐकू येतात. सूर कुठे, शब्द कुठे, पण ऐकू येतात.

तर काल सकाळी कोंबड्या सोडत होते, बघते तो बांधावरून रांग चाललीय. पुढे एक उंच माणूस, हातात कागद. त्याच्यामागे एक जाडजूड बाई, काखेत मोडती खुर्ची. मागे पाठीला गिटार लावलेला एक, आणि त्याच्यामागे म्हातारे, बायका, पाच-पंचवीस मंडळी. सगळी गप्प. मी ओरडले, "ओ, कोणाकडे आलात?" उंच माणूस हसला, ओठावर बोट ठेवलं आणि चालायला लागला. माझ्याच माळावर मलाच गप्प बसवतो! अख्ख्या माळाला फेरा मारला आणि आले तसे गेले.

आज परत. मी पण तयारीत होते. बांधावर चहाची किटली घेऊन बसले. कप पुढे केला की घेतात, मान हलवतात, पितात, कप देतात, पण तोंडातून अक्षर काढत नाहीत. मी गिटारवाल्याला म्हटलं, "बाळा, पँट मागून उसवलीय तुझी." बिचारा उरलेला सगळा फेरा मागे हात धरून चालला. उसवली नव्हती.

तू असतीस तर हसून हसून बांधावरून पडली असतीस. पण तू म्हणालीस, 'त्या माळावर माझं पाऊल पडणार नाही, आणि तुमच्या उंबऱ्यातही.' किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. नुसतं कळवलं.

तुझी,
थोरली

६ मार्च

धाकटे,

उत्तर आलं नाही. मी काही वाट बघत नव्हते. पोस्टमन समोरून गेला म्हणून कळलं.

रांग रोज येते. दूधवालीकडून सगळं काढून घेतलं, ती शिबिरात दूध घालते. झालंय असं की शिबिराला जागा पुरत नाही. मुलं दाटीवाटीने झोपतात, कित्येकांना नाही म्हणावं लागतं. म्हणून ते देवाकडे जमीन मागतायत. त्यांच्या ग्रंथात यरीहो नावाचं एक शहर आहे, भक्कम भिंतींचं. देवाच्या माणसांनी त्याला तोंड मिटून रोज एक फेरा घातला, आणि सातव्या दिवशी फेऱ्यांवर फेरे घालून सगळ्यांनी मिळून जी आरोळी ठोकली, तर भिंती धडाधड पडल्या. तसं हे लोक जमिनीला फेरे घालतायत. सातव्या दिवसापर्यंत बोलायचं नाही.

म्हणजे आपला माळ कोणाला तरी हवाय, धाकटे. तो खडकाळ, तिरका, कुसळांचा माळ. यांनी नांगर टाकला त्या दिवसापासून तिथे गवताशिवाय काही उगवलेलं नाही. मला तर माझ्याच लग्नाला स्थळ आल्यासारखं वाटलं. केस विंचरून बांधावर बसायला लागले.

आणि एक गंमत सांगते. न बोलणाऱ्या माणसाशी बोलणं फार सोपं असतं. मी त्यांच्याबरोबर फेरा मारते आणि बोलत सुटते. कोंबड्यांचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. यांच्या शेवटच्या आजारपणाचं सांगितलं, जे अजून कोणाला सांगितलं नव्हतं. तुझंही सांगितलं. तू दूध उतू घालवायचीस आणि मांजराचं नाव सांगायचीस, आणि आपल्याकडे मांजर नव्हतं, हे सांगितलं तेव्हा ती खुर्चीवाली बाई हसू दाबायला खालीच बसली. ती त्यांची स्वयंपाकीण आहे. खुर्ची गुडघ्यांसाठी आणते, अर्ध्या फेऱ्यात बसते, परत उठते.

उताराशी आलो की मात्र मी गप्प होते. का ते तुला सांगायला नको. त्यांना वाटलं असेल, म्हातारी दमली.

थोरली

९ मार्च

धाकटे,

आता जे सांगते ते वाचून शिव्या देशील. दे. शिव्या तरी पोस्टाने पाठव.

काल त्यांचा सातवा दिवस होता. फेऱ्यांवर फेरे. मी दोनमध्येच गारद झाले आणि गोठ्यात जाऊन टेकले. आपल्या गोठ्याची माळाकडची भिंत तुला आठवत असेल. तिला केव्हापासून पोट आलंय. दर वर्षी वाटायचं, या वर्षी बाळंत होणार. पण कसली होते! तशीच फुगून उभी.

बाहेर पावलं थांबली. उंच माणसाने काहीतरी खूण केली असणार. आणि मग सगळ्यांनी मिळून जी आरोळी ठोकली! इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. कोंबड्या छपरावर गेल्या. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. इतक्या माणसांचा आवाज आपल्या अंगणात उठून किती काळ झाला.

आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. एवढे लोक एवढ्या लांबून आले, एवढे ओरडले, आणि पडलं काहीच नाही, हे काही बरोबर वाटेना. पाठ लावली भिंतीला आणि दिला रेटा.

गेली! धाडदिशी. धूळ बसल्यावर बघते तर सगळे गुडघ्यांवर. स्वयंपाकीण रडतेय. गिटारवाला आकाशाकडे बघतोय. आणि मी आत, गव्हाणीमागे, अंगभर माती, तोंडात हात कोंबून बसलेली. मला हसू येत होतं, आणि नंतर नंतर हसू येत नव्हतं. इतकी साधी माणसं.

सांगितलं नाही मी त्यांना. तू पण सांगू नकोस. तुला कोण विचारतंय म्हणा.

थोरली

१२ मार्च

धाकटे,

आज तो उंच माणूस एकटाच आला. तो त्यांचा धर्मगुरू, त्याला ते पाळक म्हणतात. मी म्हटलं, "मेंढ्या कुठे ठेवल्या?" हसला. हसतो बरा, पण आज त्याचं लक्ष हसण्यात नव्हतं. हातात तोच कागद. म्हणाला, "बाई, माफी मागायला आलोय."

"कशाची?"

त्याने कागद माझ्यासमोर पसरला. नकाशा होता. म्हणाला, "हा मी उलटा धरला होता."

झालंय काय, तर त्यांना फेरे घालायचे होते लाकूडवाल्याच्या जमिनीला. ओढ्याच्या पलीकडच्या अंगाला त्याची वखार होती ना, तिच्यामागची. ती विकायला काढलीय. नकाशा उलटा धरला आणि सगळी वरात माझ्या दारात आली. आणि कोणी बोलायचंच नाही म्हटल्यावर चूक सांगणार कोण? पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, कोणाकडे आलात. त्याने ओठावर बोट ठेवलं नसतं तर तिथेच उलगडा झाला असता. म्हणे दूधवालीने काल स्वयंपाकिणीचं अभिनंदन केलं, "त्या म्हातारीची जमीन मिळणार वाटतं," तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मी खूप हसले, धाकटे. पोट धरून हसले. तोही हसला. आणि मग चहाचं आधण ठेवायला आत गेले आणि साखर दोनदा टाकली. माळासाठी आले नव्हते, माझ्यासाठी तर नव्हतेच. पत्ता चुकलेलं टपाल होतं ते. आणि मी त्याच्यापुढे केस विंचरून बसले होते.

चहा पिता पिता तो पडक्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तुमच्या चपला छान आहेत. निळ्या."

मी म्हटलं, "जुन्या आहेत."

"भिंतीच्या खाली फट होती. आरोळी ठोकली तेव्हा मला त्या दिसल्या. टाचा रोवलेल्या."

मी बशी पुसत बसले. मग म्हटलं, "तेव्हाच का नाही बोललात?"

म्हणाला, "तेव्हा सगळे इतके आनंदात होते की धीर झाला नाही. रविवारी सगळ्यांना खरं सांगणार आहे. नकाशाचंही आणि भिंतीचंही. तुमचं नाव घेतलं तर चालेल?"

मी म्हटलं, "घ्या की. एरवी कोण घेतं माझं नाव?"

गंमत म्हणून म्हटलं होतं. तो हसला नाही.

थोरली

१७ मार्च

धाकटे,

रविवारी गेले मी, पत्र्याच्या शेडमध्ये, सगळ्यात मागच्या बाकावर. तू म्हणशील, म्हातारपणी कुठे धर्म बदलते. काही बदलत नाही. माझी फजिती कशी सांगतात ते ऐकायला गेले होते.

पाळकाने पहिल्यांदा स्वतःची सांगितली. नकाशा उलटा धरून दाखवला. मग म्हणाला, "आणि भिंत पडली ती शेजारच्या बाईंनी आतून ढकलली म्हणून." मला वाटलं आता हे लोक मला बाहेर काढतात. तर स्वयंपाकीण फस्सकन हसली. मग सगळी शेड. गिटारवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आणि माझी पँटसुद्धा उसवली नव्हती, मी घरी जाऊन तपासली!" पुन्हा हशा. उपासना की तमाशा अशी गत. पाळकबुवा डोळे पुसत उभे.

मला वाटलं, आता मागतील. नंतर चहाच्या वेळी सगळे माझ्याभोवती होते, आता कोणीतरी म्हणेल, बाई, तुमचा माळ नुसताच पडलाय. मी उत्तर पण तयार ठेवलं होतं. असं झणझणीत उत्तर! कोणी मागितलंच नाही. शेवटी मीच पाळकाला विचारलं. तो म्हणाला, "चुकून आलो होतो तुमच्याकडे. चुकीच्या जोरावर मागणं बरं नाही. आम्ही लाकूडवाल्याकडेच फेरे घालू."

बघ, नाही म्हणायची मजासुद्धा मिळाली नाही.

थोरली

२ एप्रिल

धाकटे,

लाकूडवाल्याने जमीन दुसऱ्याला विकून टाकली. यांचे फेरे तिसऱ्या दिवशीच बंद पडले. स्वयंपाकीण संध्याकाळी खुर्ची घेऊन माझ्या अंगणात येऊन बसली. म्हणाली, "नाही म्हणतो देव कधी कधी. त्यालाही मुभा आहे." आणि मग बराच वेळ कांदे निवडत बसली, माझेच.

सुट्टीचं शिबिर आज सुरू झालं. मी कुंपणाशी उभी होते, उगाच. पहिली बस आली, पोरं उतरली, गोंगाट. दुसरी आली. तिसरी आली तेव्हा पाळक दाराशी गेला आणि ड्रायव्हरशी बोलत राहिला. बराच वेळ. दुसऱ्या गावच्या शाळेने न विचारताच जास्तीची मुलं पाठवली होती. आतमध्ये तर शेडमधल्या पोत्यांच्या मधल्या जागेतही अंथरुणं घातलेली. शेवटी मुलांना बसमध्येच जेवायला दिलं. सूप आणि पाव. आणि बस वळवली.

एक पोरगी खिडकीशी होती. दोन वेण्या, एक सुटलेली. तिने माझ्याकडे बघून जीभ काढली. मी पण काढली. चांगली लांब. ती दचकली, मग फिदीफिदी हसली, आणि बस वळणावर जाईपर्यंत दोघी एकमेकींना जिभा दाखवत होतो.

मग रस्ता रिकामा झाला. मी घरी आले. आपल्या माळावरून आले, मधून, उतारावरून. कितीतरी काळाने त्या उतारावर पाय ठेवला.

धाकटे, मला माळ त्यांना द्यायचाय. विकायचा नाही, द्यायचा. पण अर्धा तुझा आहे.

थोरली

१० एप्रिल

धाकटे,

मागचं पत्र टाकल्यापासून पोस्टमनला दोनदा हटकलं. तो म्हणाला, "आजी, पत्र आलं तर मी लपवून ठेवीन का?" मी म्हटलं, तुझा काय भरवसा.

आता थट्टा बाजूला ठेवते. फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून लवकर वाच.

मला माहीत आहे तुला तो माळ म्हणजे काय. भाऊजींचा ट्रॅक्टर त्या उतारावर उलटला. तू त्या संध्याकाळी अंगणात यांच्यासमोर उभी राहून म्हणालीस, तुम्हीच पाठवलंत त्यांना, काळोख पडायच्या आत संपव म्हणून तुम्हीच सांगितलंत. यांनी खाली मान घातली. शेवटपर्यंत घातलेलीच राहिली. नांगर टाकला, तो टाकलाच. संध्याकाळी उताराच्या वरच्या अंगाला जाऊन बसायचे. मी विचारलं, काय करता तिथे? म्हणायचे, काही नाही, वारा बरा असतो. तिथे वारा कधीच नसतो.

त्या दिवशी दुपारी यांनी भाऊजींना काय सांगितलं होतं, ते मी ओसरीवरून ऐकलंय. मी तुला कधी सांगितलं नाही, कारण यांनी मला शपथ घातली. म्हणाले, "तिला माझ्यावर रागवू दे. मेलेल्या नवऱ्यावर रागवून बाई कुठे जाणार? मी आहे ना समोर." आता हेही नाहीत. शपथ आहे, म्हणून ते काय बोलले होते ते अजूनही लिहीत नाही. पण तू भाऊजींना माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. 'उद्या कर' म्हटलेलं त्यांनी जन्मात कधी ऐकलं होतं का?

तू यांच्या मातीलाही आली नाहीस. ते मला लागलं. अजून लागतं. तेवढं माझं, ते तसंच राहू दे.

पण उतार पोरांना द्यावा असं मला वाटतं. पोरं उतारावर काय करतात, तुला माहीत आहे. घसरतात. ओरडत घसरतात. तिथे कोणीतरी पडून लगेच उठलेलं मला बघायचंय.

तुला नको असेल तर नको. तुझ्या सहीशिवाय काही होत नाही, आणि तुझ्यामागे मी कोणाला लावणार नाही. पाळकाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला.

थोरली

४ मे

धाकटे,

तुझ्या वकिलाचा कागद आला. तुझी हरकत नाही, आणि वीस तारखेला जमिनीच्या कचेरीत दोघींच्या सह्या. एवढंच. मी कागद उलटून मागे बघितलं. मग पाकीट फाडून आतून बघितलं. वकिलाचं अक्षर मात्र सुंदर आहे हो.

मग गेले शिबिरात. पाळक तंबूचा खुंटा ठोकत होता. म्हटलं, "पाळकबुवा, माळ घ्या." त्याला कळेना. म्हटलं, "तो नकाशा आणा, सरळ धरा, आणि बघा, दोन्हींकडून माझाच माळ दिसतो का." तो तिथेच गवतावर बसला. हातोडी हातात तशीच. त्याला बोलता येईना. मी म्हटलं, "आता गप्प बसायची गरज नाही, फेरे संपले." स्वयंपाकिणीला हाक मारली तर ती आतून पिठाच्या हातांनी येऊन मला मिठी मारून मोकळी झाली. अजून माझ्या पाठीवर दोन पांढरे पंजे आहेत. धुवायचं राहिलंय.

वीस तारखेला तू येशील. कचेरी सकाळी उघडते, म्हणजे आदल्या दिवशीच यावं लागेल तुला, बस सकाळची नाही. तुझी खोली झाडून घेतेय. आता तिथे कांदे असतात, ते हलवते. तू घरी येशीलच असं मी म्हणत नाही. खोली मात्र झाडलेली असेल.

थोरली

२१ मे

धाकटे,

काल कचेरीत गेले. तासभर आधीच. पाळक बरोबर होता, बाहेर दुकानात पेन घ्यायला गेला, कारण म्हणे सरकारी पेन लिहीत नाही. मी बाकावर बसले. दार उघडलं की मान वळायची. कारकून म्हणाला, "बाई, मान अवघडेल. कोणाची वाट बघताय?"

मी म्हटलं, "माझ्या जावेची. तिची सही व्हायचीय."

त्याने कागद पुढे ओढला, बोट ठेवलं. "झाली की. त्या काल येऊनच गेल्या. म्हणाल्या, उद्या जमणार नाही. याच बाकावर बसल्या होत्या, नंबर येईपर्यंत."

मी उठून उभी राहिले. का ते विचारू नकोस. बाकावर बसवेना एवढंच.

तुझी सही बघितली. आधीसारखीच आहे, शेवटचं अक्षर घाईत. तिच्याखाली माझी केली. देणाऱ्या दोघी. त्या कागदावर आपण शेजारी शेजारी आहोत, धाकटे, पण शाई वेगळी आहे.

घरी येते तर स्वयंपाकीण अंगणात खुर्ची टाकून बसलेली. म्हणाली, "काल तुम्ही कुठे होतात?"

काल मी बाजारात होते. तुझ्यासाठी उशी आणायला. जुन्या उशीचा कापूस गोळा झाला होता, आणि तुझी मान नाजूक, हे मला पाठ आहे. दोन दुकानं फिरले. दुसऱ्या दुकानात मऊ मिळाली.

स्वयंपाकीण म्हणाली, दुपारी एक बाई उतारावर उभी होती. पांढरे झालेले केस, हातात छत्री, उघडलेली नाही. मुलं घसरत होती. ती बघत होती. मग एक मूल पडलं, रडलं, उठलं. तेव्हा ती तिथेच खाली बसली. स्वयंपाकिणीने चहा नेला. तुला विचारलं नाही कोण ते. तू सांगितलं नाहीस. पण चहा पिता पिता तू विचारलंस, "भिंत कुठली?" तिने पडका गोठा दाखवला. आणि तू हसलीस. म्हणे, मोठ्याने. छत्री खाली पडली इतकी हसलीस.

म्हणजे तू पत्रं वाचलीस. सगळी.

स्वयंपाकिणीला मी विचारलं, "मग?" ती म्हणाली, "मग त्या तुमच्या दाराशी गेल्या. कुलूप होतं. थोडा वेळ थांबल्या. मग बसची वेळ झाली."

आता मला सांग. दाराशी गेलीस आणि मग कुलूप दिसलं, की लांबून कुलूप दिसलं आणि मग दाराशी गेलीस? दोन्हींत फार फरक आहे. मी कालपासून दोन्ही करून बघतेय. अंगणातून चालत येते, तुझ्यासारखी, आणि दारापाशी थांबते. शेजारी बघत असतील तर म्हणत असतील, म्हातारी गेली कामातून.

माळावर आज नवे तंबू लागले. फार गोंगाट आहे. मला हवा होता तसाच. पाळकाने विचारलं, नव्या जागेला काही नाव द्यायचं का, तुमच्या माणसांचं. मी नको म्हटलं. तुझ्या वतीनेही नको म्हटलं. चुकलं असेल तर कळव.

बाकी एक गोष्ट मला सही करतानाच लक्षात आली, आणि पेन थांबलं. कारकुनाला वाटलं शाई संपली. माळ होता तोवर तुला लिहायला काहीतरी होतं. कुंपण मोडलं, गवत वाढलं, कर आला, कोणी फेरे घालतंय. दोघींचं म्हणून जगात तेवढंच उरलं होतं, आणि तेही आता पोरांचं झालं. मी सही केली. करायचीच होती.

पण आता यापुढे तुला लिहायचं तर काही कारण नसताना, उगाच लिहावं लागेल. आज कोंबडीने दोन बलकांचं अंडं घातलं, असलं काहीतरी.

उगाच लिहिलेलं वाचशील का, धाकटे?

थोरली